घरच्या सर्व्हरसाठी यंत्र निवडताना आधी रिकाम्या वेळचे वॅट बघा

फोटोंचा बॅकअप, घरातले सिनेमे, एखादा जाहिराती अडवणारा पाय-होल, एवढ्यासाठी घरी सर्व्हर लावला तर तो चोवीस तास चालू राहतो, पण खरं काम दिवसाकाठी तास-दोन तासच करतो. बाकी वेळ नुसता जागा असतो. या जागं राहण्याचंच बिल आपण भरतो. सतत चालणारा 1 वॅट वर्षाला 8.76 युनिट खातो, हा आकडा लक्षात ठेवा.

सुरुवात मोजण्यापासून करा. वीज मोजणारा स्मार्ट प्लग सगळ्यात सोपा. तो नसेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. एका युनिटला किती लुकलुक हे मीटरवर छापलेलं असतं. ते 3200 असेल, तर 60 वॅटच्या यंत्राला साधारण दर 19 सेकंदांनी दिवा लुकलुकतो आणि 10 वॅटला दोन मिनिटांच्या आत एकदा. माझा जुना डेस्कटॉप काहीही न करता 60 च्या आसपास निघाला. महिन्याला 43 युनिट! 10 वॅटच्या यंत्राला तेवढ्याच काळात सातच लागतात. शिवाय वापर वाढला की आपण वरच्या स्लॅबमध्ये जातो, आणि तिथला दर जास्त असतो.

आता काम ठरवा. नुसता पाय-होल किंवा छोटी फाइल शेअरिंग असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पुरतो, तो रिकामा असताना तीन-चार वॅटवर बसतो. व्हिडिओ ट्रान्सकोडिंग, म्हणजे सिनेमा बघणाऱ्या उपकरणाला चालेल अशा स्वरूपात बदलणं, हवं असेल तर इंटेल एन100 प्रोसेसरचा मिनी पीसी घ्या. त्यातली क्विक सिंक ही व्हिडिओसाठीची खास सोय हे काम प्रोसेसरला न दमवता करतं. कंपन्यांनी काढून टाकलेले लेनोवो टायनी, डेल मायक्रो यांसारखे छोट्या संगणकांचे डबेही उत्तम, शक्यतो आठव्या पिढीचा आय5 किंवा त्यापुढचा बघा. विक्रेता प्रोसेसरच्या टीडीपीचा, वॅटमधला, आकडा सांगेल, पण तो भरपूर काम चालू असतानाच्या उष्णतेशी निगडित असतो, रिकाम्या वेळच्या वापराशी नाही. नावाच्या शेवटी ‘टी’ अक्षर असलेला 35 वॅट टीडीपीचा प्रोसेसर आणि त्याचा 65 वॅटचा भाऊ, रिकामे असताना दोघंही जवळपास सारखीच वीज खातात. त्यामुळे नुसत्या ‘टी’साठी जास्त पैसे मोजू नका.

जुना लॅपटॉप पडून असेल तर आधी तोच लावून बघा. बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. फक्त चार्जिंगची मर्यादा 60 ते 80 टक्क्यांवर बांधा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती ताबडतोब काढा.

डिस्कमध्ये बहुतेकांचा हिशेब चुकतो. 3.5 इंची हार्ड डिस्क नुसती फिरत असतानाच चार-पाच वॅट घेते. तशा चार लावल्या की काटकसरी प्रोसेसरने वाचवलेलं सगळं गेलं. एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कवर, भागत असेल तर एसएसडीच. जागा फार लागत असेल तर चार छोट्या डिस्कपेक्षा दोन मोठ्या बऱ्या, एक डेटासाठी आणि दुसरी बॅकअपला.

डेस्कटॉपच वापरणार असाल तर ग्राफिक्स कार्ड काढा. पॉवर सप्लायही तपासा. 550 वॅटच्या सप्लायवर 20 वॅटचा भार म्हणजे चार टक्केसुद्धा नाही, आणि इतक्या कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. 80 प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या मानांकनाचा शिक्का असला तरी त्याची चाचणी 20 टक्के भारापासून पुढे होते. म्हणून बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारा मिनी पीसीच इथे सरस ठरतो.

यंत्र घरी आलं की बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्था) चालू आहेत का बघा, आणि लिनक्स असेल तर पॉवरटॉप हा वीजवापर दाखवणारा प्रोग्राम चालवा. एखादं कार्ड किंवा यूएसबी उपकरण प्रोसेसरला झोपू देत नसेल तर ते तिथे कळतं. बायोसमध्येच वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं ही सोय लावा, भारनियमनाच्या गावात तिच्याशिवाय चालत नाही. मग पुन्हा एकदा मीटरचा लाल दिवा मोजा.