जुनी सायकल घरी रिस्टोर करताय? या चुका टाळा

आजोबांची २८ इंची रॅले पडवीतून बाहेर काढली आणि पहिल्याच रविवारी मी सगळ्यात वाईट काम केलं, पॉलिश पेपर घेऊन फ्रेमचा काळा रंग घासून काढला. गंज खाली फार नव्हताच, पण सोनेरी रेघा आणि अक्षरं गेली, ती परत येत नाहीत, नवा रंग कितीही चकाचक मारा. म्हणून आधी नुसतं साबणाच्या पाण्याने धुवा, फोटो काढून ठेवा आणि मग आठवडाभर रंगाला हात लावू नका. घासायचंच असेल तर ओलं घासा, जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ नाकात नको. क्रोमवरचा गंज तर पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून चोळली तरी बराच निघतो.

दुसरी चूक कॉटर पिनची, म्हणजे पेडलचा दांडा (क्रँक) मधल्या आसावर घट्ट धरणाऱ्या पाचरीसारख्या खिळीची, आणि इथे भल्याभल्यांचा हात घाईत चालतो. नट पूर्ण काढून आट्यांवर थेट हातोडी मारली की पिन वाकते, मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल सोडा, नट दोन-तीन आटे ढिला करून तसाच राहू द्या, क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा जाड तुकडा जमिनीपर्यंत टेकवा आणि एकच दणका द्या, हळूहळू टकटक करून ती अजून घट्ट बसते. परत बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर पेडल सरळ रेषेत येत नाहीत. आणि पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळा. पेडल मारताना दर फेरीला कट्ट आवाज येतोय ना, तर आधी हेच बघा, उगाच चेन बदलू नका.

डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, चेनच्या बाजूचा बीबी कपही (पेडलच्या आसाचं बेअरिंग धरणारी वाटी) बहुतेक ब्रिटिश सायकलींत तसाच. जोर लावायच्या आधी हे आठवा.

टायर ऑनलाइन घेताना फक्त २८ बघू नका! रोडस्टरचा, म्हणजे अशा जुन्या उभ्या सायकलीचा, २८ x १½ म्हणजे ६३५ मिलिमीटरची रिम, आणि हल्लीच्या ७००सी टायरवरही २८ लिहिलेलं असतं पण ती ६२२ची, अजिबात बसणार नाही. रिमही मनाने बदलू नका, रॉडब्रेकचे (तारेऐवजी सळईने ओढले जाणारे ब्रेक) रबर रिमच्या आतल्या बाजूला घासतात, साध्या रिमवर ते धरतच नाहीत.

हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) डब्ल्यूडी-४० मारून भागत नाही, उलट जुनं ग्रीस धुऊन निघतं. खोला, रॉकेलने धुवा, छर्रे सगळे एकदम नवे टाका (पुढे बहुतेक ३/१६ इंची, मागे १/४), ग्रीस भरा. कोन (आसावरचा, छर्रे दाबून धरणारा नट) आवळताना चाक हाताने फिरवत रहा, खरखर लागली तर जास्त आवळलाय, रिम धरून हलवल्यावर खुळखुळली तर ढिला आहे. माझं मागचं चाक तिसऱ्या खेपेला जमलं, आता वॉल्वच्या वजनानेही ते आपोआप खाली फिरून थांबतं.