जुनी येझदी घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मामाची ८२ सालची येझदी मोटरसायकल शाहूपुरी कुंभार गल्लीत सीटपर्यंत पाण्यात होती. पंचगंगेचं पाणी उतरलं, गाळ काढला, घर धुऊन झालं आणि चौथ्या दिवशी कुणीतरी सहज तिला किक मारून बघितली. एकदा नाही, वीस-पंचवीस वेळा. पुढे इंजिन उघडलं तेव्हा ब्लॉकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्यात, उभ्या रेघा पडल्या होत्या आणि क्रँकच्या बेअरिंगमधून गाळ निघत होता. गाडी पुरात बुडाली होती, पण त्या रेघा किकमुळे पडल्या.

ती गाडी मी आणि मामानं पुढे नटबोल्टपर्यंत खोलून पुन्हा जोडली. त्यानंतर मित्रांच्या दोन जुन्या गाड्यांवर हात लावला. तिन्ही वेळा चुका जवळपास त्याच, आणि त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसली: गाडी लवकर वाजावी, लवकर चमकावी ही ओढ. त्या ओढीत आधीची कामं मागे राहतात आणि शेवटची पुढे येतात.

आधी किक मारणं

गाडी पुरातली असो किंवा दहा वर्षं परड्यात पडलेली असो, पहिल्या दिवशी तिला किक मारायची नाही. प्लग काढा. त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल सारख्या प्रमाणात मिसळून थोडं आत सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच मुरू द्या. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळू फिरवून बघा. पिस्टन हलला तर उत्तम. हलला नाही तर आणखी तेल, आणखी दोन दिवस. पिस्टनवर लाकूड ठेवून हातोडा मारणारे मी पाहिले आहेत. त्यानं पिस्टन सुटतो, पण सोबत कनेक्टिंग रॉडही वाकू शकतो. पुरातल्या गाडीत मात्र पिस्टन मोकळा फिरला तरी समाधान मानू नका. येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक जिथे फिरतो त्या खालच्या पेटीत, गेलेला गाळ इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही.

खोलताना घाई

मोबाइल हातात आहे, तर प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. वायरिंगचे जास्त काढा. नटबोल्ट एका डब्यात ओतू नका. ज्या भागाचे त्याच्या वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. जुने पार्ट नवे बसून गाडी चालू होईपर्यंत टाकायचे नाहीत, कारण बाजारात मिळणारा डुप्लिकेट पार्ट जुन्याशी ताडून बघायला तोच एक नमुना असतो. २०२२ मध्ये येझदी नावानं नव्या गाड्या आल्या, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचं इंजिनचं सामान म्हैसूरच्या जुन्या गाडीला बसत नाही.

येझदीचे आटे मेट्रिक असतात. जुन्या बुलेटवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथे ब्रिटिश आटे भेटतात आणि मिलिमीटरचा पाना त्या नटांचे कोपरे गोल करतो. अडकलेले स्क्रू काढायला साधा ड्रायव्हर पुरत नाही, हातोड्याच्या घावानं वळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या.

पिस्टन हातात नसताना बोअर करणं

कोल्हापुरात राहण्याचं सुख म्हणजे शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीच्या जोरावर वाढलेल्या या भागात एखादं बुश सकाळी दाखवलं तर संध्याकाळी नवं करून मिळतं. पण लेथवाल्याला नेमकं काय सांगायचं हे आपल्याला माहीत नसेल, तर तो आपल्या अंदाजानं काम करतो.

झिजलेला ब्लॉक आतून कापून गुळगुळीत करतात, त्याला बोअर करणं म्हणतात. आमचा ब्लॉक घेऊन मी असाच एका शॉपमध्ये गेलो आणि म्हणालो, "बोअर करून द्या." तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ब्लॉक परत माझ्या हातात दिला. "आधी पिस्टन घेऊन ये भावा. बोअर पिस्टनच्या मापाला मारायचं असतंय." मित्राच्या बाबतीत दुसऱ्या एका ठिकाणी उलटं झालं. बोअर आधी झालं, आणि त्या मापाचा पिस्टन दोन महिने मिळाला नाही. शेवटी पुढच्या मापाला पुन्हा बोअर करावं लागलं, म्हणजे ब्लॉकचं तेवढं आयुष्य फुकट गेलं.

जावा कंपनीकडून आलेल्या या २५० सीसी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५ मिलिमीटर. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर अशा पायऱ्यांनी येतात. ब्लॉक वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजून घ्या. झीज सगळीकडे सारखी नसते. मग त्या झिजेला पुरेल अशा मापाचा, मिळेल तो पिस्टन घ्या, आणि तोच पिस्टन लेथवाल्याकडे ठेवून बोअर करा.

ब्लॉक परत आल्यावर तीन गोष्टी बघा. पोर्टच्या (ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा बोअरनंतर धारदार राहतात, त्या हलक्या मोडून घ्याव्या लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. होनिंगची, म्हणजे बोअरनंतरच्या घासकामाची, बारीक पूड नुसत्या पेट्रोलनं जात नाही. ब्लॉक गरम पाण्यानं आणि साबणानं घासून धुवा, पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच राहिलं पाहिजे, आणि लगेच तेल लावा. तिसरं, पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या मोठ्या पिनचे लॉक प्रत्येक वेळी नवेच.

ऑइल सीलकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. नवा पिस्टन, नवी रिंग, नवा कार्ब्युरेटर, आणि क्रँकचे सील मात्र चाळीस वर्षांचे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस नुसती पेटी नाही, ती हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढते आणि वर ढकलते. तिला कुठून हवा लागली की इंजिनाचा श्वासच बिघडतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल पितं: पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत राहतं. डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, थ्रॉटल बंद असताना इंजिनाचा वेग आपोआप चढतो आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. लोक कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतात.

क्रँककेस उघडलीच आहे तर सील आणि बेअरिंग दोन्ही बदला. दोन अर्ध्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकू नका, त्या ओरखड्यातून पुढे कायम गळती राहते. बेअरिंग बसवायला क्रँककेस सगळीकडून सारखी गरम करा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरला की पुरे. बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्या मामीनं त्यासाठी फ्रीजरचा एक कप्पा रिकामा करून दिला होता. बेअरिंग हातानं अलगद आत बसलं, हातोडा लागलाच नाही.

टाकी आणि पेट्रोल

गंज काढायला संडास साफ करायचं ॲसिड ओतू नका. ते पत्राही खातं आणि धुतल्यावर तासाभरात टाकी पुन्हा तांबूस होते. साधा व्हिनेगर दोन-तीन दिवस भरून ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच आतून तेल फिरवा. टाकीला भोक असेल तर वेल्डिंग घरी करायचं नाही. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. पेट्रोलचा पाइप, कॉकचं वॉशर, कार्ब्युरेटरची रबरं नवी घ्या. जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून आत तेल फिरवून ठेवा. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) टाकीत वरून ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये पेट्रोलशी हलवून मग भरा. एका लिटरला ४० मिलीलिटर म्हणजे २५ ला १.

रंग आधी

रंगवलेली टाकी आणि फ्रेम फोटोत फार छान दिसते, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. मग इंजिन चढवताना ओरखडे पडतात, मडगार्डचं भोक जुळत नाही म्हणून ड्रिल लागतं आणि रंग सोलतो. आधी सगळी गाडी बिनरंगाची जोडा, चालवा, आठ-पंधरा दिवस वापरा. गळती, कंप, अडकणारी केबल, सगळं तिथे कळतं. मग पुन्हा खोला आणि रंगाला द्या.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात रंगकाम नको. लांबी (पुट्टी) आणि प्रायमर ओलावा धरून ठेवतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचे फोड वर येतात. उघडा केलेला पत्रा तर एका रात्रीत गंजतो. दिवाळीनंतरचे कोरडे महिने यासाठी चांगले. पीयू (पॉलियुरेथेन) रंगात मिसळायच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक असते, रुमाल किंवा कापडी मास्क तिला अडवत नाही. हे काम शक्यतो बूथ असलेल्या पेंटरलाच द्या.

पावडर कोटिंग करणार असाल तर बेअरिंगच्या जागा, आटे आणि अर्थिंगचे बिंदू झाकून द्या. आमच्या गाडीत रंगानंतर हॉर्न दाबला की हेडलाइट मंद व्हायचा. बॅटरी बदलली, वायरिंग तपासलं. शेवटी फ्रेमवर जिथे अर्थिंगची वायर येते तिथला रुपयाएवढा रंग खरवडला आणि दिवा लागला. चॅसिस नंबरवर ग्राइंडर किंवा जाड लांबी जाता कामा नये, पासिंगला तो स्पष्ट वाचता आला पाहिजे.

आणखी एक, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

बदल करताना

हँडल, सीट, दिवे, काढता-घालता येईल तेवढं बदला. फ्रेम कापू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी २०२१ च्या नियमांनी मिळते, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, आणि ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. मामाची येझदी अजून त्या वयाची नाही. झाली की मूळ टाकी, मूळ सायलेन्सर लागतील, म्हणून ते आम्ही जपून ठेवलेत. सायलेन्सरच्या आतली नळी आवाजासाठी काढणाऱ्यांनी हे समजून घ्यावं की टू-स्ट्रोकची ताकद एक्झॉस्टच्या उलट्या दाबावरही चालते. नळी काढली की आवाज वाढतो, ओढ कमी होते.

चालू झाली, पण...

दहा मिनिटांनी गरम होऊन बंद पडत असेल तर आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणातलं हवेचं भोक रंगानं बुजलेलं असतं. तसं नसेल तर कंडेन्सर, मग कॉइल. ओढच नसेल तर दोन्ही सायलेन्सर काढून आतला कार्बन बघा. क्लच घसरत असेल तर गिअरबॉक्समध्ये कारचं ऑइल गेलंय का ते विचारा. येझदीचा क्लच त्याच तेलात फिरतो. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटर ठेवा, पण ठिणगीचं टाइमिंग डोळ्यानं लावू नका, पिस्टनची जागा मोजणारं डायल गेज मागून आणा.

आणि पहिल्याच रविवारी पन्हाळा गाठू नका. नव्या बोअरला चढ सोसत नाही. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, एकाच वेगानं न रेटता, आणि दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून. चालताना मागचं चाक अडखळलं तर लगेच क्लच दाबा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन पूर्ण गार होऊ द्या. त्याआधी किक नाही.

आम्ही पहिल्या दिवशी रंकाळ्याला दोनच फेऱ्या मारल्या. थांबून प्लग काढला, तो पांढरट होता, म्हणजे मिश्रण पातळ. कार्ब्युरेटरचं पॅकिंग बदललं, सुई एक खाच वर घेतली. दुसऱ्या दिवशी काळा आणि ओला, मग सुई ती खाच परत खाली. तिसऱ्या दिवशी प्लग चहाच्या रंगाचा निघाला. मामानं तो फडक्यानं पुसून खिशात ठेवला. पन्हाळ्याला गेलो ते पाडव्याला.