अ‍ॅम्बेसेडरचं हेड अनलेडेडसाठी तयार करताना

फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच (अनलेडेड) पेट्रोल मिळतं. १४८९ सीसीच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या बिडाच्या हेडात (इंजिनाच्या वरच्या भागात) एक्झॉस्टची सीट (जळका वायू सोडणारा व्हॉल्व्ह टेकतो ती कड) वेगळी बसवलेली नाही, हेडातच कापलेली आहे. पूर्वी शिशाचा पातळ थर तिला जपायचा. तो नसला की तापलेला व्हॉल्व्ह सीटला कणाकणानं चिकटतो, उघडताना बीड उपटतो आणि व्हॉल्व्हला चिकटलेले ते कण सीट घासत राहतात. व्हॉल्व्ह खोल जातो, टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) संपते, शेवटी व्हॉल्व्ह पुरता बंद न होता जळतो.

म्हणून हेड काढण्याआधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात घ्या. गॅप ०.३८ मिमी (१५ थाउ, म्हणजे इंचाचे हजारांश) ठेवा, हजार किलोमीटरनंतर इंजिन तितकंच गरम असताना पुन्हा मोजा. इनटेकची (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हांची) गॅप तशीच आणि फक्त एक्झॉस्टची कमी होत असेल तर सीट जातेय. रत्नागिरीत बाजारापुरती फिरणारी गाडी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. भरल्या गाडीनं आंबा घाट नेहमी चढत असाल तर वाट बघू नका.

हेड उतरवल्यावर आधी तडे तपासा, विशेषतः दोन व्हॉल्व्हांमधल्या अरुंद पट्टीत. डाय पेनिट्रंट (रंग मुरवून तडा दाखवणारी) आणि प्रेशर टेस्ट (दाबाखाली गळती बघणारी) दोन्ही करून घ्या. तडा गेलेल्या हेडावर पुढचा पैसा वाया. हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी द्यावं, कोपऱ्यावरच्या ड्रिलवर नाही.

क्रम महत्त्वाचा: गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आधी, सीट नंतर. कटरचा पायलट (मधली दांडी) गाइडमध्ये फिरतो, गाइड ढिला असेल तर सीट तिरकी कापली जाते. कडक सीट (हेडात भोक कोरून दाबून बसवायची कडक धातूची रिंग) फक्त चार एक्झॉस्टना बसवा. इनटेक पेट्रोलच्या गार मिश्रणानं थंड राहतो, आणि शेजारी आणखी एक भोक पाडलं तर मधली पट्टीच उरत नाही.

सुमारे ३५ मिमीच्या सीटला बिडात ०.०८ ते ०.१२ मिमी घट्टपणा लागतो, म्हणजे सीट भोकापेक्षा तितकी मोठी. पुरवठादाराचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. बोअरचा तळ सपाट हवा, कडेला बर (धातूची उठलेली धार) नको. खोली जास्त झाली की कटर वॉटर जॅकेटमध्ये (पाणी खेळतं त्या पोकळीत) घुसतो आणि हेड भंगारात. सीट फ्रीजरमध्ये गार करून, हेड गरम करून, एका दमात तळापर्यंत बसवा. अर्धवट टेकलेली सीट पुढे तापून सुटते. मग सीट ४५ अंशांत कापा, तिची वरची कड ३० आणि खालची ६० अंशांत. एक्झॉस्टच्या सीटची रुंदी दीड ते दोन मिमी. त्याहून अरुंद केली तर व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जात नाही.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह २१-४एन या उष्णता सोसणाऱ्या स्टीलचे घ्या. सीटला निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवून बघा, खूण व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मधोमध हवी. स्प्रिंग बसवून पोर्टात रॉकेल ओता, थेंब झिरपता कामा नये.

जीपवाल्यांनी जरा थांबावं: हरिकेन इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, नुसतं हेड पाठवून काही होणार नाही. फियाटच्या अ‍ॅल्युमिनियम हेडात सीट मुळातच वेगळी असते, ती झिजली तरच बदला.

हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर मात्र या सीटचा इलाज नाही. त्यासाठी पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारे घाला. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, कारण हे पेट्रोल आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं.