घरी करा स्कॉटलंडचं चौकोनी लॉर्न सॉसेज

ग्लासगोत सकाळी न्याहारीला पावाच्या रोलमध्ये जी चौकोनी, चपटी वडी मिळते, ते लॉर्न सॉसेज. तिथले लोक त्याला नुसतं 'स्लाइस' किंवा 'स्क्वेअर सॉसेज'ही म्हणतात. त्याला आतड्याचं आवरण नसतं, त्यामुळे भरायचं यंत्र लागत नाही. घरी सॉसेज करून पाहायचं असेल तर सुरुवात यानेच करावी.

साहित्य : गोमांसाचा खिमा ५०० ग्रॅम, डुकराच्या मांसाचा खिमा ५०० ग्रॅम, रस्कचा बारीक चुरा १५० ग्रॅम, गार पाणी १५० मिली, मीठ २० ग्रॅम, धनेपूड आणि मिरपूड प्रत्येकी २ छोटे चमचे, जायफळपूड १ छोटा चमचा.

खिम्यात साधारण २० टक्के चरबी हवीच. बिनचरबीचा खिमा आरोग्याला बरा म्हणून घेतलात, तर तव्यावर कोरडा भुगा होईल. रस्क बिनगोड असावा. आपल्याकडचे चहाचे टोस्ट गोड असतात, कधी त्यांत वेलचीही असते. ते इथे चालणार नाहीत. रस्क नसेल तर साधा पाव कडक वाळवून त्याचा चुरा करा. धने मात्र न भाजता कुटा. भाजले की आपल्या मसाल्याचा वास येतो आणि सॉसेजची चव बदलते.

आधी मीठ, मसाले आणि चुरा एकत्र करा, म्हणजे मसाला सगळीकडे सारखा लागेल. मग खिमा आणि पाणी घालून मिश्रण हाताला चिकट लागेपर्यंत मळा. या चिकटपणामुळेच वडी एकसंध राहते, तेव्हा इथे घाई नको. खिमा फ्रीजमधून काढल्याबरोबर वापरा. चरबी हाताच्या उबेने वितळू लागली तर मिश्रण नीट बांधलं जात नाही. मिठाचा अंदाज घ्यायला चिमूटभर मिश्रण तळून चाखा, कच्चं चाखू नका.

१० सेंमी रुंदीच्या ब्रेडच्या साच्यात प्लास्टिकची पातळ फिल्म अंथरून मिश्रण भरा. कोपऱ्यांत दाबून बसवा, पोकळी राहिली तर काप तिथेच तुटतात. साचा फ्रीझरमध्ये दोन-तीन तास ठेवा. मिश्रण घट्ट व्हायला हवं, पण दगड होता कामा नये. मग धारदार सुरीने १ सेंमी जाडीचे काप करा. लगेच खायचे नसतील ते मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि तळण्याच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणा.

तव्यावर तेलाचा नुसता हात फिरवा, बाकी चरबी सुटतेच. मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं, चांगली तपकिरी होईपर्यंत भाजा. मधला भाग गुलाबी राहू देऊ नका. थर्मामीटर असेल तर आत ७१ अंश सेल्सिअस दिसायला हवेत.

मऊ रोलला लोणी लावा, काप घाला, वर ब्राऊन सॉस (ब्रिटनमधला आंबटगोड, गडद सॉस). सोबत टॅटी स्कोन, म्हणजे बटाट्याची पातळ स्कॉटिश पोळी, त्याच तव्यावर, सुटलेल्या चरबीत शेकून घ्या.