गणपतीत घर भरेल, पण ताप घरभर फिरू नये म्हणून

मी देवगड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडीत. पावसाळ्यातला फेरा बरेचदा गणपतीच्या सुमाराला असतो. त्याच दिवसांत कणकवली स्टेशनावर खचाखच भरलेल्या गाड्या रिकाम्या होतात, एसटीत पाय ठेवायला जागा नसते, आणि एरवी दोन म्हातारी माणसं राहतात त्या घरात पंधरा-वीस अंथरुणं पडतात. म्हणून हे चाकरमान्यांसाठीही आहे आणि त्यांची वाट बघणाऱ्या घरांसाठीही.

आधी एवढं नीट समजून घ्या. विषाणू अंगात शिरल्यावर साधारण दोन दिवसांनी, फार तर चार दिवसांनी, ताप येतो. पण माणूस आजार पसरवायला लागतो तो ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच, आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. लहान मुलं त्याहूनही जास्त दिवस. म्हणजे गाडीतून हसतखेळत उतरलेला भाचा संध्याकाळी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडला, तेव्हाच फ्लू आजीपर्यंत पोचलेला असू शकतो. कोणी आजारी पडलं की मग बघू, हे इथे चालत नाही. तयारी आधीच करायची.

पहिली तयारी लसीची. टोचल्यावर तिचा जोर यायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि विषाणू रूप बदलत असल्यामुळे ती दरवर्षी घ्यावी लागते. माझा हिशेब सोपा आहे: नारळी पौर्णिमेच्या आत घ्या, म्हणजे चतुर्थीपर्यंत पुरेसे दिवस मिळतात. गरोदर बायका, पासष्टीच्या पुढची माणसं, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले, यांनी तर टाळूच नये. सरकारी दवाखान्यात लस आली आहे का, ते आशाताईला विचारा.

दुसरी तयारी घराची. पाऊस आत येतो म्हणून आपण खिडक्या गच्च लावून घेतो आणि माजघरात वीस जण एकाच हवेत झोपतो. वाऱ्याच्या उलट्या बाजूची एक खिडकी तरी उघडी ठेवा. पडवीतली एखादी खोली सामान न भरता मोकळी ठेवा. कोणाला ताप आलाच तर ऐन सणात जागा शोधायला लागू नये.

आता आरती आणि भजन. आमच्याकडे वाडीतली माणसं घरोघर फिरून आरत्या म्हणतात. मोठ्यानं गाताना तोंडातून बारीक तुषार बोलण्यापेक्षा जास्त उडतात, आणि ते साधारण हातभर-दोन हात अंतरावर जास्त त्रास देतात. भजन शक्यतो खळ्यात पत्र्याखाली करा. टाळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातात आणि धातूवर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो, म्हणून टाळ खाली ठेवल्यावर साबणानं वीस सेकंद हात धुवा, मगच चहाचा कप घ्या. प्रसाद एकानंच वाटावा. पाण्याच्या पिंपावर तोंड लावून प्यायचा सामायिक पेला ठेवू नका.

गेल्या खेपेला एका आजींनी मला विचारलं, "गो बाय, गणपतीच्या आरतीक जाव नको म्हणतंस?" मी म्हटलं, जावा, पण खुर्ची दारापाशी वाऱ्यावर घ्या, आणि खोकणाऱ्याला जवळ बसू देऊ नका. म्हाताऱ्या माणसांना सणातून बाजूला काढायचं नाही, गर्दीतून थोडं बाजूला काढायचं. सणातून बाजूला राहायचं ते ताप आलेल्यानं. त्याला कोणी "एवढ्याशा तापानं काय होतंय" म्हणून ओढून आणू नका. बाप्पाला नमस्कार पडवीतून पोचतो.

ताप आला की त्या खोलीत एकानंच ये-जा करावी, आणि ती व्यक्ती गरोदर किंवा म्हातारी नसावी. दोघांनीही मास्क लावावा. खिडकी उघडी, भांडी-टॉवेल वेगळे. पेज, आटवल, भरपूर पाणी आणि विश्रांती. तापासाठी पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. मुलांना अॅस्पिरिन कधीच देऊ नका. त्यानं यकृत आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. लहान मुलाला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका, भाजतं. आणि सुई-सलाईनचा किंवा अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका. फ्लू विषाणूचा आजार आहे, अँटिबायोटिक जिवाणूंवर म्हणजे बॅक्टेरियांवर चालतं, विषाणूंवर नाही. फ्लूवर ऑसेल्टामिविर हे औषध आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायचं, आणि ते पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. म्हणून वर सांगितलेल्या जोखमीच्या माणसांनी आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी पहिल्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कोकणात एक गोष्ट मात्र विसरू नका. ताप आहे, पण नाक गळत नाही, खोकला नाही, पोटऱ्या धरून येतात, डोळे लाल झालेत आणि माणूस शेतात चिखलात उतरला होता, तर तो लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा आजार, असू शकतो. डेंग्यू आणि मलेरियाही याच दिवसांतले. अशा वेळी घरात थांबायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं.

धाप लागली, छातीत दुखलं, ओठ-नखं निळी दिसली, थुंकीत रक्त आलं, माणूस बरळायला लागला, मूल दूध-पाणी घेईना किंवा उठवून उठेना, तर क्षणभर न थांबता 108 ला फोन. ताप उतरून पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तरी डॉक्टरांना दाखवाच.

एकाच वाडीत लागोपाठ तीन-चार घरांत ताप दिसला तर ते आम्हाला कळवा. बदनामी होईल म्हणून लपवू नका. आम्ही घरोघर येतो, गरज असेल तर घशाचा नमुना तपासायला पाठवतो, आणि पुढच्या घरांना वेळेत सावध करतो.

परतीचं तिकीट काढलेलं असलं तरी गोळी न घेता पूर्ण 24 तास ताप आला नसेल तरच गाडीत बसा. खोकला राहिला असेल तर मास्क लावून बसा. शेजारच्या सीटवर कोणाची तरी आई असते.