यंत्राला सोनं दिसत नाही : पहिल्या बोअरचा अनुभव

जिऑलॉजीत एम.एस्सी. करून सोन्याच्या शोधकामात येत असाल तर एक गोष्ट आधीच पक्की करा: जमिनीवरून यंत्रानं केलेल्या कुठल्याही सर्व्हेत सोनं दिसत नाही. टनामागे चार-पाच ग्रॅम सोन्यावर खाण चालते. एवढ्याशा धातूची यंत्राला काय चाहूल लागणार? दिसतात ते त्याचे सोबती.

माझं पहिलं काम रायचूर जिल्ह्यातल्या हट्टी-मस्की पट्ट्यात होतं. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्यापासून देशातल्या खाणींचं बहुतेक सोनं हट्टीचंच. इथं सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट (यात आर्सेनिक असतं), पायराइट अशी सल्फाइडं, म्हणजे गंधकयुक्त खनिजं येतात. आयपी (इंड्यूस्ड पोलरायझेशन) सर्व्हेत जमिनीत करंट सोडतात, तोडतात आणि व्होल्टेज किती रेंगाळत उतरतं ते मोजतात. खडकात सल्फाइडं विखुरलेली असली की ते जास्त रेंगाळतं. उन्हाळ्यात माती इतकी सुकलेली की करंट जाईना. प्रत्येक इलेक्ट्रोडपाशी मिठाचं पाणी ओतत आम्ही लाइनभर फिरायचो.

नकाशावर ठळक ॲनोमली, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळी जागा उमटली, मी हरखलो. बोअर घेतला तर कोअर (ड्रिलनं काढलेला खडकाचा दंडगोल) निघाला काळाकुट्ट, बोटं काळी करणारा: ग्राफाइट शिस्ट. आयपीत ग्राफाइटही तसाच उजळतो. तिथली रेझिस्टिव्हिटी (करंटला होणारा अडथळा) फारच कमी होती आणि मातीच्या नमुन्यांत आर्सेनिक वाढलेलं नव्हतं. दोन्ही मी पाहिलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. आता हे सगळं एकमेकांशी जुळल्याशिवाय मी बोअरची जागा सुचवत नाही.

पुढचा बोअर शिअर झोनच्या (खडक सरकून चिरडलेल्या पट्ट्याच्या) आडवा, तिरपा घेतला. करडा क्वार्ट्झ, कडेला तपकिरी बायोटाइट, त्यात आर्सेनोपायराइटच्या रुपेरी सुया. मी लॉगमध्ये (कोअरच्या नोंदवहीत) शिरेची जाडी ४ मीटर लिहिली. सरांनी कोन मोजायला लावला: शीर कोअरच्या अक्षाशी ३० अंशांत, म्हणजे खरी जाडी २ मीटर. माझ्या आकड्यानं खनिजसाठा दुप्पट दिसला असता!

कोअर बॉक्सजवळ स्वतः बसा. ३ मीटरच्या रनमध्ये (ड्रिलच्या एका खेपेत) २.४ मीटरच कोअर हाती आला तर रिकव्हरी ८० टक्के. आणि हरवतो तो बहुधा शिअर झोनमधला चुरा, नेमका तुम्हाला हवा असलेला. ड्रिलरला विचारा, पाणी कुठे गेलं, रॉड कुठे घसरला. कोअर उभा कापून अर्धा लॅबला पाठवा, अर्धा बॉक्समध्येच राहू द्या. आणि ज्या नमुन्यात सोनं डोळ्यांना दिसतंय, त्याच्या लगेच मागे एक ब्लँक, म्हणजे सोनं नसलेला नमुना लावा; आधीच्या नमुन्याचं सोनं लॅबमध्ये पुढच्यात मिसळलं तर कळतं.