अश्रूंतलं प्रथिन तपासताना

वेचणीवरून आलेल्या काकू म्हणाल्या, "डोये लय चुरचुरते जी." अश्रूंतलं प्रथिन तपासायचं तर डोळ्यात थेंब आधी टाकायचेच नाहीत, टाकले की तपासणी वाया. खालची पापणी ओढून आतून तपासणीच्या पट्टीचं मऊ टोक सहा-आठ ठिकाणी टेकवायचं, घासायचं नाही. मग २० सेकंद द्रावणात, पुढे १० मिनिटं धीर. निळी रेघ हवीच. सोबत लाल दिसली, पुसट का होईना, तर एमएमपी-९ हे प्रथिन वाढलंय, म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह आहे. ॲलर्जीतही ती उमटते, म्हणून एवढ्यावर 'कोरडे डोळे' लिहीत नाही मी. नंतर अश्रू किती येतात ते मोजणारी शर्मरची कागदी पट्टी लावतो, ५ मिनिटं. काकूंची ३ मिलिमीटरच भिजली, म्हणजे अश्रू फारच कमी. तालुक्याच्या डॉक्टरांना लगेच चिठ्ठी लिहिली.